स्टिअरिंगवरचं एक बोट

१

क्लॅरी टकवेल सापडला तो रविवारी सकाळी, सायलो रोडच्या कडेच्या चरात. अंगावरच्या स्वेटरवर दव गोठून पांढरं झालं होतं आणि सायकल पलीकडच्या कुंपणात अडकली होती. श्वास चालू होता, एवढंच म्हणता येईल.

तो सापडला नोरीन हॅलोरनला. शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात ती नर्सच्या हाताखाली काम करते. आदल्या दिवशीची संध्याकाळची पाळी संपवून जेमतेम झोपली असेल, तर सकाळच्या पाळीला निघाली होती. तिने अंगातला कोट काढून म्हाताऱ्यावर घातला, ॲम्ब्युलन्सला फोन केला, मग मला. मी पोचलो तेव्हा ती त्याचा हात धरून मातीत बसली होती. ॲम्ब्युलन्स गेली तरी उठली नाही.

ती सायकलच्या मडगार्डकडे बघत होती. त्यावर नारिंगी रंगाचा एक लांब ओरखडा होता. खाली हेडलाइटच्या काचा.

आमच्या यारांबी गावात गाड्या पांढऱ्या असतात, नाहीतर पांढऱ्या होत्या असं धूळ पुसल्यावर कळतं. नारिंगी गाडी गावात एकच. ती नोरीननेच फेब्रुवारीत घेतली होती, जुनीच, आपल्या मुलीच्या सतराव्या वाढदिवसाला.

"सार्ज," नोरीन म्हणाली, "माझ्या मागोमाग ये. आमच्या शेडवर."

मी सार्जंट नाही. गावात एकटाच पोलीस आहे, म्हणून सगळे मला सार्ज म्हणतात आणि आता निवृत्तीच्या तोंडावर कोण कोणाला दुरुस्त करत बसणार. पण आईने स्वतःहून आपल्या पोरीच्या दारात पोलीस नेऊन उभा करावा, हे मी एवढ्या नोकरीत पहिल्यांदा पाहिलं. मला त्या क्षणी घरी जाऊन झोपावंसं वाटलं.

२

हॅलोरनांचं शेत सायलोपासून, म्हणजे धान्याच्या उंच कोठारापासून, पंधरा मिनिटांवर. शेडमध्ये ती गाडी उभी होती, डावा हेडलाइट फुटलेला, त्याच्यावरचा पत्रा चेपलेला. पुढेमागे लाल अक्षरातली 'P'ची पाटी, म्हणजे चालवणाऱ्याचं लायसन्स अजून कच्चं आहे. किल्ली आतच लटकत होती. आमच्याकडे किल्ली गाडीतच असते. ती काढून घरात नेणारा माणूस बाहेरगावचा समजावा.

या गाडीवरून हिवाळ्यापर्यंत, म्हणजे आमच्याकडे जुलैपर्यंत, गावात दोन तट पडले होते. नोरीनचं म्हणणं साधं होतं. मुलीला, टीगनला, येत्या जानेवारीपासून नर्सिंगला प्रवेश मिळालाय, कॉलेज दीड तासावर, बस नाही, तिथे राहायची ऐपत नाही. मग पोरीने जायचं कसं? उडत? तिचा नवरा ग्लेन म्हणे, पोराच्या हातात फुकट गाडी दिली की पोर वाया गेलंच. त्याने म्हणे मेंढ्यांची लोकर कातरून आपली पहिली गाडी घेतली होती. त्याने पबमध्ये सगळ्यांदेखत शपथ घेतली होती की त्या खेळण्यात तो मेला तरी बसणार नाही, आणि सहा महिन्यांत पोरगी ते कुठेतरी ठोकणार. गावातले निम्मे बाप त्याच्या बाजूचे होते. ज्यांनी आपापल्या पोरांना आधीच गाड्या घेऊन दिल्या होत्या, ते पण.

टीगन घरातून पायजम्यावर जॅकेट चढवून आली. एवढीशी पोरगी, माझ्या खांद्याखालीच संपते. नाक लाल झालेलं. आईने क्लॅरीबद्दल सांगितलं तेव्हा तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. क्लॅरी टकवेलने शाळेची बस चालवली होती, टीगनला पहिलीपासून त्यानेच शाळेत नेलं होतं. तिच्या बापालाही.

"मी काल गाडी काढलीच नाही," ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली. "नेटबॉलच्या मॅचवरून मैत्रिणीने सोडलं तेव्हाच अंग तापलं होतं. तीन वाजता झोपले ते आई आल्यावर उठले."

"घरी कोण होतं?"

"कोणीच नाही. आई कामावर, बाबा मागच्या रानात पंप दुरुस्त करत होते."

मी गाडीचं दार उघडून आत बसलो. पहाटेपासून उभा होतो. पाय लांब करून बसलो तेव्हा वाटलं, इथेच डोळे मिटावेत. किल्ली फिरवली तसा पेट्रोलचा काटा पार वर गेला.

"टाकी फुल्ल आहे. कधी भरलीस?"

"ती आई भरते," टीगन म्हणाली.

मी हातांनी स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिलो. ती शेडच्या दारातून माझ्याकडे पाहत होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा चेहरा पडला. आधी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं असेल की जमिनीकडे, मला तेव्हा कळलं नाही. मी विचारलं, नक्की काढली नव्हतीस ना? तिने उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं. तोंडाला कुलूप. नोरीनने तिला गदागदा हलवलं, "बोल ना गं, काहीतरी बोल." पोरगी बोललीच नाही, आणि त्यानंतर मंगळवारपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

बाहेर ग्लेन ट्रॅक्टरला टेकून उभा होता. चांगला ताडमाड गडी, पण त्या सकाळी पोक काढून उभा होता. शेडमध्ये तो आलाच नाही.

"सहा महिने म्हणालो होतो मी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पाचच झाले."

३

नियमाप्रमाणे गाडी न्यायला टो-ट्रक मागवायला हवा होता. तो सोमवार दुपारशिवाय येणार नव्हता, आणि तोवर शेडमध्ये आणखी दहा जण येऊन गाडीला हात लावून गेले असते. म्हणून मीच ती चालवत चौकीच्या मागच्या आवारात आणली. माझी गाडी नोरीनने मागून आणून दिली.

तिथून बेव्हकडे गेलो. बेव्हचं दुकान म्हणजे किराणा, पोस्ट आणि गावाचं वर्तमानपत्र, सगळं एकात. आत शिरताना माझं डोकं नेहमीप्रमाणे चौकटीच्या घंटेला लागलं.

"उंची देवाने दिली, वाकायची अक्कल दिली असती तर," बेव्ह म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी पाहिलं तिला."

शनिवारी सूर्य मावळतीला आला असताना बेव्ह आपल्या फाटकातून सायलो रोडवर वळत होती. समोरून टीगन आली.

"तीच होती?"

"मला काय डोळे नाहीत? नारिंगी गाडी, लाल P. तुला सांगते, फेब्रुवारीपासून ही पोरगी रोज माझ्या समोरून जाते. मी बोट उचलते. ही आपली दोन्ही हात चिकटवून पुतळ्यासारखी पुढे बघते. शनिवारी पहिल्यांदा बोट उचललंन्. मला वाटलं, चला, नोरीनने कान उपटलेले दिसतात. आणि दुसऱ्या दिवशी हे ऐकायचं."

बोटाचं बेव्हच्या जिवाला फार लागतं, आणि तिच्या एकटीच्या नाही. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, हा आमच्याकडचा रामराम. उचललं नाही तर माणूस माजलाय असं म्हणतात, आणि तीन वेळा उचललं नाही तर त्याच्या आईबापांपर्यंत चर्चा जाते.

नेव्हिल प्रॉक्टर सायलोपाशीच भेटला. त्यालाही टीगन दिसली होती, बेव्हच्या फाटकापासून थोडी पुढे, गावच्या दिशेने जाताना. तो गावातून घरी चालला होता, सूर्य त्याच्या पाठीशी होता, तिच्या तोंडावर.

"चेहरा दिसला?"

"काचेवरची उन्हाची झापड खाली ओढलेली होती की तिने. बोट उचललं, मी उचललं. पुढे गेल्यावर आरशात जरा धूळ उडालेली दिसली. कडेच्या खडीवर चाक गेलं असेल. नवशिकी पोरं, दुसरं काय." मग त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "आपण देतो ना यांना गाड्या, आपलंच चुकतं. ग्लेन पहिल्यापासून सांगत होता."

क्लॅरी त्या गाडीच्याच दिशेने, त्याच कडेने, तिच्या पुढे सायकल चालवत होता. नेव्हिल आधी क्लॅरीच्या जवळून गेला होता आणि त्याने क्लॅरीलाही बोट उचललं होतं. मग पुढच्याच क्षणी नारिंगी गाडीने मागून क्लॅरीला डाव्या बाजूने उडवलं आणि ती न थांबता निघून गेली. क्लॅरी रात्रभर थंडीत पडून राहिला.

दोन साक्षीदार, दोघेही गावातले, दोघेही खोटं बोलण्यातले नाहीत. मुलगी आता नाही म्हणत नव्हती. मी कागद भरायला बसलो. तिचं लायसन्स गेल्यातच जमा होतं, आता खटला उभा राहिला की कॉलेजही जाणार, आणि जखमी माणसाला टाकून पळाली हा शिक्का जन्मभर राहणार. सतरा वर्षांची पोर. मी दोन ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं, कारण बाहेर कोणीतरी जोरात दार वाजवत होतं.

४

दारात बेव्ह होती, संतापाने लालबुंद. मागे नेव्हिल ओशाळवाणा उभा.

"याला पोलीसगिरी म्हणतात?" बेव्ह म्हणाली. "क्लॅरी तिकडे मरायला टेकलाय आणि तू त्या पोरीला गाडी घेऊन गावात हिंडू देतोस?"

"कोण हिंडतंय?"

"टीगन. दुपारी. नेव्हिलने स्वतः पाहिली, मघाशी तुझ्या तोंडावर बोलायला धजला नाही. फुटक्या हेडलाइटसकट."

नेव्हिलने मान हलवली. "बोटसुद्धा उचललं तिने मला. मला वाटलं, लाज म्हणून काही असते की नाही."

मी त्या दोघांकडे बघत राहिलो. मी साठीला आलेलो आहे. मला टक्कल आहे, मिशी आहे, आणि माझ्या अंगावर तेव्हा पोलिसाचा गणवेश होता. दुपारी नेव्हिल समोरून आला होता, त्याने बोट उचललं होतं, मी सवयीने उचललं होतं.

"नेव्हिल," मी म्हणालो, "ती टीगन मी होतो."

बेव्ह हसली नाही. ती बाकावर बसली. आम्हा तिघांनाही एकदमच कळलं होतं. या गावात आम्ही एकमेकांचे चेहरे वर्षानुवर्षं बघत नाही. पांढरी पिकअप, कुत्रा मागे, म्हणजे नेव्हिल. निळी, दाराला चेप, म्हणजे बेव्ह. गाडी दिसली की माणूस दिसला, बोट उचललं, पुढे गेलो. शनिवारी त्या दोघांनी टीगनला पाहिलंच नव्हतं. त्यांनी नारिंगी रंग पाहिला होता.

"मग आत कोण होतं?" बेव्हने हळूच विचारलं.

किल्ली गाडीत होती. शेडला दार नव्हतं. अख्खं यारांबी आत असू शकत होतं.

५

गावाने लगेच नवीन आरोपी शोधला, कॉरी डनस्टन. एकोणीस वर्षांचा, उंच, उर्मट, टीगनने दोन महिन्यांपूर्वी त्याला सोडलेलं. सोमवारी सकाळी मी त्याला त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात गाठलं. तो डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घालून टोस्ट खात होता. फुटबॉलमध्ये मनगट मोडलेलं, पंधरा दिवस झाले होते. नारिंगी गाडी गिअरची आहे, आणि गिअर डाव्या हाताने टाकावा लागतो. त्याच्या आईने मला चहा दिला आणि तो पिईपर्यंत एक शब्द बोलली नाही. ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

निघताना कॉरी म्हणाला, "टीगनने कोणाला धडकून टाकून जाणं शक्य नाही. ती गाड्यांखाली मेलेले पोपट उचलून रस्त्याकडेला ठेवते."

"मग ती बोलत का नाही?"

"तेच तर," तो म्हणाला.

दुपारी नोरीन चौकीवर आली, टीगनला कुठे नेणार हे विचारायला. डोळे सुजलेले. तिने शनिवारची तिची वेळ सांगितली. वृद्धाश्रमात रात्री आठपर्यंत होती, वीस म्हाताऱ्यांना जेवण भरवत. मला तिच्यावर संशय नव्हता. मी फक्त बोलत राहायचं म्हणून विचारलं की पोरीच्या गाडीला पेट्रोलचा खर्च किती येतो.

"मला काय माहीत? तीच भरते. एकदा पैसे द्यायला गेले तर म्हणाली, तूच भरतेस ना. मला वाटलं, थट्टा करतेय."

"तू कधीच भरलं नाहीस?"

"मी पाच महिने त्या टाकीचं झाकण उघडलेलं नाही, सार्ज. का?"

मी काही नाही म्हणालो. ती गेल्यावर चौकीच्या आवारात जाऊन पुन्हा त्या गाडीत बसलो. टाकी फुल्ल. चारही टायरात हवा टिच्च. काच आतून पुसलेली. पोरगी म्हणते आई भरते, आई म्हणते पोरगी भरते, आणि गाडी मात्र दर आठवड्याला भरलेली. सायलोच्या कोपऱ्यावर कार्डावर चालणारा पेट्रोलपंप आहे, तिथे माणूस नसतो. हवा भरायची नळी पण तिथेच.

मी पाय लांब केले. आणि मग आपल्याच पायांकडे बघितलं.

सीट मी सरकवली नव्हती. रविवारी नाही, आजही नाही. माझ्यासारखा उंटाएवढा माणूस त्या गाडीत आरामात मावत होता, जिच्यात एवढीशी पोरगी पाच महिने बसत होती. शनिवारी शेवटचा जो कोणी तिथे बसला, तो माझ्या मापाचा होता. आणि टीगनने ते माझ्या आधी चोवीस तास ओळखलं होतं. मी सीटवर पाय पसरून बसलो तेव्हा, शेडच्या दारातून.

तिथेच ती गप्प झाली होती.

मला सगळं कळलं आणि कळल्याचा काडीचा आनंद झाला नाही. मी गाडीतून उतरलो नाही, बराच वेळ बसून होतो.

६

मंगळवारी मी ग्लेनकडे निघालो तेव्हा वाटेत इस्पितळातून फोन आला. क्लॅरी पहाटे गेला. फुप्फुसांत थंडी बसली होती. माझ्याकडे पुरावा म्हणावा असा काही नव्हता. सीटबद्दल माझा शब्द, पेट्रोलबद्दल नोरीनचा. कोर्टात बेव्ह आणि नेव्हिलला बोलावलं तर ते आता गोंधळतील, पण गाडी टीगनची आहे आणि टीगन नाही म्हणत नाही, एवढं वकिलाला पुरलं असतं. त्याला स्वतः बोलावं लागणार होतं.

ग्लेन मागच्या रानात पंपाशी होता. पंप व्यवस्थित चालू होता. तो नुसता त्याच्याजवळ उभा होता.

"क्लॅरी कसा आहे?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. तो पंपाच्या कठड्यावर बसला.

"दर शनिवारी नेतोस ना तू ती गाडी?" मी म्हणालो. "पेट्रोल, हवा, ब्रेक. पोरगी मॅचनंतर झोपलेली असते, नोरीन कामावर असते. परत आणून सीट पुढे सरकवून ठेवतोस."

त्याने पंपावरची धूळ हाताने पुसली.

"त्या टायरांवर मी माझं कोकरू पण बसवलं नसतं," तो शेवटी म्हणाला. "नोरीनला गाड्यांतलं काय कळतं. रंग बघून घेतली. मी एप्रिलमध्ये दोन टायर बदलले, कोणाला कळलंसुद्धा नाही. ब्रेक पॅड बदलले. पोरगी अंधारात घरी येते, सार्ज."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पबमध्ये एवढं बोलून बसलो होतो."

शनिवारचं मी त्याला सांगू लागलो, तो मान हलवत राहिला. झापड खाली, ऊन डोळ्यांत, समोरून नेव्हिलची पिकअप. बोट उचललं. ग्लेनच्या स्वतःच्या पिकअपचं स्टिअरिंग जड, या गाडीचं लोण्यासारखं, एका हाताने धरलं तशी गाडी कडेला ओढली गेली. खडी वाजली आणि धप्प झालं.

"कांगारू होता," ग्लेन म्हणाला. "मला वाटलं कांगारू. त्या वेळेला असतातच."

"पुढच्या पत्र्यावर एक केस नव्हता, ग्लेन."

"नंतर पोरगी गाडी घेऊन गेली असेल. रात्री. मी म्हटलं, मला कांगारू लागला आणि नंतर तिला..."

तो मध्येच थांबला. त्याने हे स्वतःला तीन दिवस सांगितलं असणार, पण मोठ्याने पहिल्यांदा म्हणत होता, आणि मोठ्याने म्हटल्यावर ते उभं राहीना.

"तुला मी बावीस वर्षं ओळखतो," मी म्हणालो. "तू कांगारूला धडकलास की थांबतोस. पोटच्या पिशवीत पिल्लू जिवंत आहे का बघतोस. नोरीनने अशी किती पिल्लं उशीच्या अभ्र्यात वाढवलीत. शनिवारी का नाही थांबलास?"

त्याने तोंडावरून हात फिरवला.

"नेव्हिल अजून आरशात दिसत होता. थांबलो असतो तर उतरावं लागलं असतं. त्याने बघितलं असतं मला. त्या गाडीतून उतरताना."

एवढंच कारण होतं. मी यापेक्षा मोठं काहीतरी शोधत आलो होतो, दारू किंवा जुनं वैर, पण एवढंच होतं. पबमध्ये हसतील म्हणून तो थांबला नाही, आणि ज्या माणसाने त्याला लहानपणी शाळेत नेलं तो चरात रात्रभर गारठत राहिला.

"मी उद्या येतो," ग्लेन म्हणाला. "थोडा विचार करू दे. ती लहान आहे, तिला कमी शिक्षा होईल. शेत आहे, कर्ज आहे, मी आत गेलो तर..."

"ती नाही म्हणाली होती," मी म्हणालो.

"काय?"

"रविवारी. तू बाहेर ट्रॅक्टरशी होतास, तुला ऐकू आलं नाही. मी गाडी काढलीच नाही, असं तिने मला तोंडावर सांगितलं. मग मी गाडीत बसलो. सीट मागे होती, तू शनिवारी पुढे सरकवायला विसरलास. माझे पाय तिथे मावलेले तिने पाहिले. तेव्हापासून ती बोललेली नाही."

त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, म्हणून मी पंपाकडे बघत राहिलो.

"तिला माहीत आहे?"

"पहिल्या मिनिटापासून. तू तिच्याबद्दल म्हणालास, पाचच महिने झाले. तेही तिने ऐकलं. तरी गप्प राहिली."

ग्लेन उठला. पंप बंद केला, हात पँटला पुसले आणि माझ्या आधी माझ्या गाडीकडे चालू लागला. घरासमोरून जाताना टीगन पायऱ्यांवर बसलेली होती. त्याने मला थांबायला सांगितलं, काच खाली केली.

"आत जा बाळा, गारठा आहे," तो म्हणाला. "मी सार्जना सांगून येतो."

ती रडायला लागली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

गावाकडे येताना बेव्हची निळी गाडी समोरून आली. तिने बोट उचललं. ग्लेनचा हात गुडघ्यावर होता, त्याचं बोट आपोआप वर आलं आणि त्याने दुसऱ्या हाताने ते दाबून धरलं.

७

खटला अजून चालू आहे. ग्लेनने सगळं कबूल केलंय, त्यामुळे फार लांबणार नाही. त्याचं लायसन्स गेलं, तो तारखेपर्यंत जामिनावर आहे. क्लॅरीच्या दफनाला तो मागच्या बाकावर बसला होता. त्याच्या शेजारी नोरीन आणि टीगन सोडून कोणी बसलं नाही.

पबमध्ये मुलांना गाड्या द्याव्यात की नाही हा विषय निघेनासा झालाय. बापांना द्याव्यात का, असं मात्र कोणी म्हणत नाही. बेव्ह आणि नेव्हिल मला बघितलं की जरा खाली बघतात. मीही बघतो. कागद भरायला मीच बसलो होतो, दोन ओळी लिहून झाल्या होत्या. नेव्हिलने त्या दुपारी मला ओळखलं असतं, तर उरलेल्याही लिहिल्या असत्या.

परवा सायलो रोडवर ग्लेनची पांढरी पिकअप समोरून आली. माझं बोट उचललं जाणार होतं. मी ते धरून ठेवलं आणि आधी काचेतून आत बघितलं. ही सवय मला आता लागलीय, आणि फार दमवणारी आहे, रस्ताभर माणसांचे चेहरे बघत जायचं.

गाडीला लाल P लावलेली होती. ग्लेनला कोर्टात न्यायचं तर घरात दिवसा मोकळं तिच्याशिवाय कोण आहे? टीगन सीट पार पुढे ओढून, खाली उशी घेऊन बसली होती. शेजारी ग्लेन, कोर्टासाठी घातलेल्या शर्टात, खाली मान घालून.

मी बोट उचललं. तिने मला पाहिलं, पण बोट उचललं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवून ती पुढे रस्त्याकडे बघत निघून गेली. मला बरं वाटलं.